न दुखणारी गाठ

वालूर म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला तिथली चक्राकार पायऱ्यांची बारव आठवते. मराठवाड्यातल्या या सेलू तालुक्यात राबणाऱ्या माणसाला मात्र आधी आठवते ती काळी जमीन. पावसाळ्यात पाऊल धरून ठेवणारी आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी. कापूस, तूर, सोयाबीनच्या या रानात चप्पल फारशी टिकत नाही. चिखलात ती रुतते, म्हणून बांधावर काढून ठेवायची आणि अनवाणी पुढं जायचं. मग पायात कधी बाभळीचा काटा मोडतो, कधी सराटा टोचतो, कधी तुरीचं धसकट घुसतं. काटा सुईनं कोरून काढायचा, नाहीच निघाला तर रुईचा चीक लावायचा, वरून बिब्याचा चटका द्यायचा. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा गोष्ट इथंच संपते, आणि म्हणूनच शंभराव्या वेळी कुणाच्या मनात शंका येत नाही.

अशा क्वचित एखाद्या वेळी, काटा पार विसरून गेल्यावर, कित्येक महिन्यांनी किंवा दोन-चार वर्षांनीही त्याच जागी एक घट्ट गाठ हाताला लागते. ती दुखत नाही, तिच्यानं ताप येत नाही. ‘कुरूप असेल’ म्हणून माणूस तिला विसरतो. गाठ वाढत राहते आणि पाऊल सुजून जड होतं. मग त्वचेवर बारीक फोड उठतात, फुटतात, भरतात आणि शेजारी पुन्हा नवे फुटतात. त्यांतून चिकट पाणी येतं आणि त्या पाण्याबरोबर खसखशीएवढे, कधी त्याहून मोठे, दाणे बाहेर पडतात. काळे, पांढरे, पिवळे किंवा लाल. सूज, पाण्याची छिद्रं आणि दाणे ही तीन लक्षणं एकत्र दिसली की जाणता डॉक्टर एका आजाराचं नाव घेतो: मायसेटोमा. जुनं नाव मदुरा फूट. दहातल्या सात-आठ रुग्णांत तो पायालाच होतो आणि रुग्ण बहुतेक विशी ते चाळिशीतले, शेतात किंवा गुरांमागं राबणारे पुरुष असतात. हातावर, पाठीवर आणि डोक्यावरही तो होऊ शकतो. सरपणाच्या मोळ्या वाहणाऱ्यांच्या पाठी-खांद्यावर तो निघाल्याच्या नोंदी आहेत.

शरीरात बुरशी गेली की गाठ व्हायलाच हवी, असा काही नियम नाही. गजकर्ण हीसुद्धा बुरशीच, पण ती कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात चरते आणि गोल चट्टे उठवते. खाली उतरत नाही. बुरशीच्या लाखो जाती जगात आहेत. त्यांतल्या फार थोड्या माणसाला आजार देतात, कारण बहुतेक बुरशांना आपल्या अंगाची सदतीस अंशांची ऊब सोसत नाही. ज्यांना सोसते त्यांनाही रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार काळ टिकू देत नाहीत. काट्याबरोबर खोलवर गेलेली मायसेटोमाची बुरशी तिथं एक युक्ती करते. ती पसरत नाही, गोळा होऊन बसते. तिचे तंतू एकमेकांत गच्च विणले जातात, त्यांच्याभोवती सिमेंटसारखा कडक पदार्थ जमतो आणि काळ्या जातींत त्यावर मेलॅनिनचा थर चढतो. आपल्या केसांना काळेपणा देणाऱ्या द्रव्याच्याच कुळातलं हे. तयार झालेला हा दाणा पांढऱ्या पेशींना फोडता येत नाही, आणि औषधालाही त्याच्या गाभ्यापर्यंत नीट शिरता येत नाही.

शरीर मात्र हार मानत नाही. दाण्याभोवती पांढऱ्या पेशींचा वेढा पडतो, त्या मरतात, पू होतो. त्याबाहेर दुसऱ्या पेशी येतात, आणि सगळ्यांना आवरायला शरीर तंतुमय पेशींची भिंत उभारतं. गाठ कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर बुरशीचे दाणे थोडे आणि आपलंच पेशीजाल भरमसाट दिसतं. वरून हाताला लागणारा गोळा म्हणजे बव्हंशी आपल्याच शरीरानं वर्षानुवर्षं केलेलं, पण तडीस न गेलेलं बांधकाम असतं. या वेढ्यात मज्जातंतू आणि स्नायूबंध बराच काळ शाबूत राहतात. पाय दुखत नाही आणि चालताही येतं, ते त्यामुळं. दुखायला लागतं तेव्हा अनेकदा बाहेरचे जंतू छिद्रांतून आत शिरलेले असतात, किंवा आजार हाडापर्यंत पोचलेला असतो. दोन्ही बाबतींत तोवर उशीर झालेला असतो.

हा आजार आपल्याकडं नवा नाही. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘वल्मीक’ नावाचा विकार वर्णिला आहे. हातापायांवर, सांध्यांवर, मानेवर हळूहळू वाढणारी आणि अनेक तोंडांनी स्रवणारी गाठ, वारुळासारखी. मायसेटोमाचा पाय ज्यानं पाहिला आहे त्याला ही उपमा कुणी समजावून सांगावी लागत नाही. आधुनिक वैद्यकात त्याची पहिली ठळक नोंद मद्रास इलाख्यातली. १८४२ मध्ये मदुराईच्या दवाखान्यातल्या गिल या डॉक्टरनं ती केली, आणि कोलब्रुकनं १८४६ मध्ये ‘मदुरा फूट’ हे नाव वापरलं. या नावानं तामिळनाडूच्या त्या शहराला आजवर चिकटलेला शिक्का मात्र अन्यायाचाच, कारण आजार साऱ्या उष्ण, कोरड्या मुलखांत होता. त्यामागं बुरशी आहे, हे सांगणारा माणूस मुंबईत बसला होता.

त्याचं नाव हेन्री व्हॅनडाइक कार्टर. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे नाव वेगळ्या कारणानं ओळखीचं असायला हवं, पण नसतं. १८५८ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘ग्रेज अॅनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातली सगळी चित्रं कार्टरची. लेखक ग्रे यांचं नाव मोठं झालं. कार्टरना एकरकमी दीडशे पौंड मिळाले, आणि शीर्षकपानावर त्यांचं नाव लहान टायपात जावं याची ग्रे यांनी स्वतः काळजी घेतली. पुस्तक बाजारात आलं त्याच वर्षी कार्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. जे. जे. रुग्णालयाशी त्यांचा संबंध इथूनच.

तेव्हा या आजारावर एकच इलाज होता, पाय कापणे. कापलेले पाय कार्टरच्या टेबलावर आले. दुसऱ्या कुणी ते पुरायला पाठवले असते. चित्रकाराच्या सवयीच्या या माणसानं ते उभे चिरले, आतल्या पोकळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या नीट उलगडून काढल्या, दाणे धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. दाण्यांत त्यांना बुरशीचे तंतू दिसले. १८६० मध्ये त्यांनी मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या नियतकालिकात यावर निबंध लिहिला आणि पुढं या आजाराला ‘मायसेटोमा’ म्हणजे बुरशीचा गोळा हे नाव दिलं. १८६० च्या दशकात त्यांची नेमणूक साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून झाली, तिथं त्यांनी बरीच वर्षं काढली, आणि १८७४ मध्ये या एकाच विषयावर त्यांचं सचित्र पुस्तक आलं. काळ्या दाण्यांचा आणि फिकट दाण्यांचा प्रकार त्यांनी वेगळा नोंदवला. पुढं महारोग आणि उलटून येणारा ताप यांवरही त्यांनी मोलाचं काम केलं. मुंबईच्या वैद्यकाच्या इतिहासात त्यांना मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, असं मला वाटतं.

आता गंमत अशी, की कार्टर बरोबर होते आणि चुकलेही होते. जपून ठेवलेल्या एका नमुन्यावर त्यांना लालसर बुरशी उगवलेली दिसली. हीच रोगाची जननी, असं त्यांना वाटलं. नमुना इंग्लंडला गेला, तिथले मोठे बुरशीतज्ज्ञ बर्कली यांनी त्या बुरशीला कार्टरचंच नाव दिलं. पण कलकत्त्यात लुईस आणि कनिंगहॅम यांनी १८७५ मध्ये या सगळ्या सिद्धान्तावरच शंका घेतली, आणि ती लाल बुरशी म्हणजे नमुन्यावर मागाहून वाढलेली आगंतुक होती हे कालांतरानं मान्य झालं. काळ्या दाण्यांत दिसलेले तंतू मात्र खरे होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाव्हरां आणि ब्रुंप्ट या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ती बुरशी नीट ओळखली. आज तिला मादुरेला मायसेटोमॅटिस म्हणतात.

फिकट दाण्यांनी मात्र वेगळाच घोळ घातला. १८९४ मध्ये व्हिन्सेंट यांनी अल्जीरियात अशा दाण्यातून एक जीव वाढवून दाखवला. तो बुरशीसारखाच फांद्या फोडणारा, तंतुमय, पण होता जीवाणू. १९१३ मध्ये पिनॉय यांनी स्पष्ट वाटणी केली: एक मायसेटोमा खऱ्या बुरशीचा, दुसरा अॅक्टिनोमायसीट गटातल्या जीवाणूंचा. नोकार्डिया आणि अॅक्टिनोमदुरा ही त्यांतली आपल्याकडची ठळक नावं. बाहेरून दोन्ही पाय सारखेच. सूज तीच, छिद्रं तीच. म्हणजे ‘बुरशीचा गोळा’ हे नाव मिळालेल्या आजारात निम्म्याहून अधिक वेळा बुरशी नसतेच; भारतातल्या नोंदींत तर जीवाणूंचाच प्रकार जास्त आढळतो. राजस्थानच्या कोरड्या भागात बुरशीचं पारडं जड आहे.

पुस्तकी वाटणारा हा भेद रुग्णासाठी पायाच्या किमतीचा आहे. जीवाणूंचा मायसेटोमा अॅन्टिबायोटिकनं बरा होतो. कोट्रायमॉक्साझोलसारखं जुनं, स्वस्त औषध आणि त्याच्या जोडीला अमिकासिन किंवा जेंटामायसिनची इंजेक्शनं असा उपचार काही महिने नेटानं घेतला तर दहातले नऊ रुग्ण बरे होतात, पायाला सुरी न लावता. जेंटामायसिनचा सोयीचा, कमी खर्चाचा क्रम दिल्लीच्या एम्समधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी बसवला आहे. बुरशीच्या मायसेटोमावर हे औषध पाण्यासारखं वाया जातं. तिथं इट्राकोनाझोल लागतं, तेही वर्षभर किंवा अधिक, आणि बहुतेकदा मधे शस्त्रक्रियाही करावी लागते. गाठ लहान, भिंतीच्या आत बंद असताना ती अख्खी काढता येते. अर्धी काढली, किंवा वरवर कोरली, तर ती परत येते आणि दुसऱ्यांदा अधिक पसरून येते. आधी कापायचं आणि मग काय होतं ते तपासायचं, हा क्रम इथं घात करतो.

दाण्याचा रंग पहिली वाट दाखवतो. काळा दाणा म्हणजे बुरशी, लाल दाणा म्हणजे जीवाणू. पांढऱ्या-पिवळ्यावर मात्र विसंबू नये; तो दोघांचाही असू शकतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली तंतूची जाडी पाहतात. जीवाणूचा तंतू एका मायक्रॉनच्या आसपास, बुरशीचा त्याच्या दोन ते पाच पट. दाणा प्रयोगशाळेत वाढवायला कित्येक आठवडे लागतात आणि कधी काहीच उगवत नाही, म्हणून खोलवरचा तुकडा काढून त्याची पॅथॉलॉजीची तपासणी करतात. एमआरआयमध्ये गोल पांढरट वलयात मधोमध काळा ठिपका दिसला की तो दाणा. अनुभवी रेडिओलॉजिस्टला एवढं पुरतं. हाड कितपत पोखरलं आहे ते साध्या एक्स-रेतही कळतं.

शरीरात बुरशीचा गोळा होण्याची दुसरी मोठी जागा छातीत आहे, आणि तिचा संबंध क्षयाशी येतो. क्षय बरा होतो तेव्हा फुप्फुसात कधीकधी रिकामी पोकळी मागं राहते. तिथं रक्त नाही, पेशी नाहीत, हवा मात्र येते-जाते. अॅस्परजिलस ही बुरशी धान्यात, कडब्यात, कुजलेल्या पाचोळ्यात सगळीकडं असते, तिचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासावाटे घेतो आणि बाहेरही टाकतो. पोकळीत पडलेले बीजाणू मात्र रुजतात. तंतू, श्लेष्मा आणि मृत पेशी मिळून सुटा गोळा होतो. मायसेटोमाचा दाणा मांसात रुतलेला असतो. हा गोळा पोकळीत मोकळा असतो, इतका की रुग्णानं कूस बदलली तर एक्स-रेत तो जागा बदललेला दिसतो. ब्रिटनमध्ये १९६८ च्या सुमारास क्षयाच्या जुन्या पोकळ्या उरलेल्या ५४४ रुग्णांची पाहणी झाली. शंभरातल्या अकरा जणांच्या छातीत हा गोळा होता, तीन वर्षांनी तेच सतरा झाले. आपल्याकडं क्षय अजून किती घरांत आहे ते पाहिलं तर हा आकडा परका वाटत नाही.

हा गोळाही वर्षानुवर्षं गप्प राहतो. बोलतो तो रक्तातून. खोकल्यात रक्त येतं, कधी चमचाभर, कधी जीव जाईल इतकं. क्षयाची औषधं पूर्ण केलेल्या माणसाला पुन्हा रक्त पडलं की घरात आणि अनेकदा दवाखान्यातही एकच निष्कर्ष निघतो, क्षय उलटला. थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत तरी त्याच गोळ्या दुसऱ्यांदा सुरू होतात. सीटी स्कॅन आणि अॅस्परजिलसविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी केली तर खरा प्रकार उघड होतो. रक्त थांबवायला त्या भागाची धमनी आतून बंद करता येते. फुप्फुसाची ताकद पुरेशी असेल तर तेवढा भाग काढून टाकणं हा पक्का इलाज.

बुरशी म्हटल्यावर मराठवाड्यात आज कुणालाही आधी आठवतो तो २०२१ चा उन्हाळा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसनं महाराष्ट्रात हाहाकार केला, अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले, माणसांचे डोळे आणि जबडे काढावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रानं राज्यांना हा आजार नोंदणीच्या यादीत घ्यायला सांगितलं. ही बुरशी गोळा करत बसत नाही. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त गोठवते आणि पुढचा भाग दिवसांत मरतो. ‘काळी बुरशी’ हे नाव तिला चुकून पडलं. काळं असतं ते मेलेलं मांस, बुरशी काळी नसते. खरी काळी बुरशी मायसेटोमाच्या दाण्यात आहे, पण तिच्या वाट्याला एकही मथळा आला नाही. जी बुरशी आठवड्यात जीव घेते तिच्यासाठी सरकारी यंत्रणा रात्रीत हलते, आणि जी वीस वर्षांत पाय नेते तिच्यासाठी कुणालाच घाई नसते. रुग्णालाही नसते, हे त्यातलं अवघड दुखणं.

नाकातल्या गाठीचंही सांगायला हवं. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात पोहणाऱ्यांच्या नाकात कधीकधी लालभडक, वर पांढरे ठिपके असलेला, हात लागताच रक्त येणारा मांसल कोंब वाढतो. हा ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. दक्षिण भारत, छत्तीसगड आणि श्रीलंकेत तो अधिक. बराच काळ त्याच्या जीवाला बुरशी समजत होते. १९९० च्या दशकाअखेर जनुकं तपासल्यावर तो बुरशी नसून माशांना छळणाऱ्या एका सूक्ष्मजीव-कुळातला निघाला. कार्टरच्या लाल बुरशीची आठवण व्हावी, असंच हे. नुसत्या गोळीनं तो बरा होत नाही. कोंब मुळासकट काढून बूड जाळायचं, हाच मुख्य इलाज.

मायसेटोमाकडं जगानं लक्ष दिलं ते मुख्यतः सुदानमुळं. खार्तूममध्ये १९९१ साली या एकाच आजारासाठी संशोधन केंद्र सुरू झालं आणि अहमद फहाल या शल्यचिकित्सकानं ते नावारूपाला आणलं. तिथल्या गावांचं वर्णन वाचलं तर ओळखीचं वाटतं: बाभळीच्या काटेरी फांद्यांची कुंपणं, दारात गुरं, शेणामातीची अंगणं, अनवाणी माणसं. मादुरेला बुरशीचे जनुकीय अंश तिथल्या मातीत आणि काट्यांवर सापडले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये मायसेटोमा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतला, त्यामागं या केंद्राचा मोठा वाटा. फॉसराव्हुकोनाझोल या जपानी औषधाची बुरशीच्या मायसेटोमावरची चाचणीही तिथंच झाली. इट्राकोनाझोलच्या रोज चार गोळ्या, त्याही जेवणासोबत. नव्या औषधाच्या आठवड्याला दोन, उपाशीपोटी घेतल्या तरी चालतात. ज्याची मजुरी औषधाच्या फेऱ्यांत बुडते त्याला हा फरक लगेच कळेल. २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटलं, आणि त्यात हे केंद्र लुटलं आणि उद्ध्वस्त केलं गेलं. अनेक दशकांत जमवलेले जैविक नमुने त्यात गेले.

वालूरच्या माणसाला तपासणीसाठी खार्तूमची गरज नाही. मायसेटोमाची बायोप्सी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होऊ शकते; त्वचारोग, शल्यचिकित्सा आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे तिन्ही विभाग एका आवारात असले म्हणजे झालं. अडचण असते ती तिथं दाण्यासकट पोचण्याची. छिद्र रोज धुऊन, हळद भरून, वर घट्ट चिंधी बांधून माणूस दवाखान्यात येतो, आणि नेमक्या त्या दिवशी बाहेर काहीच पडत नाही. म्हणून प्रयोगशाळेतले लोक एक साधी गोष्ट सुचवतात: आदल्या रात्री छिद्रावर स्वच्छ कोरडा गॉज ठेवायचा, वर मलम नको, हळद नको, बिबा तर नकोच. सकाळपर्यंत त्याच्या जाळीत दोन-चार दाणे अडकलेले असतात. तो गॉज न धुता, बाटलीत घालून डॉक्टरपुढं ठेवायचा आणि पायात काटा कधी मोडला होता ते आठवून सांगायचं, वीस वर्षांपूर्वीचा असला तरी.